दहा ते सहा

थ्री-फेज लाईन रात्री दहा ते सकाळी सहा.
मी लिहिलं : वेळ बावीसच्या पुढे
आणि सहाच्या आत.
बावीसहून मोठा, सहाहून लहान
असा आकडा नाहीच जगात.
मोटार मुकाट.

देवमन मामा धुऱ्यावर बॅटरी घेऊन,
संत्र्याची आळी कोरडी.
"कावून रे, तुह्या मशीनले
रात्र समजत नाही काय?
ते त एकच रायते.
मधात बारा वाजले म्हणून तुटत नाही."

विहिरीच्या थारोळ्यावर लॅपटॉप उघडून
'आणि' खोडलं, 'किंवा' टाकलं.

दांडात पाणी आलं तेव्हा
तारीख कधीचीच बदललेली.
मामा अजून कालच्याच रात्रीत,
चप्पल हातात धरून.

सहाचा ठोका धरायचा की सोडायचा,
तेवढं विचारायचं राहिलं.