मधली जागा

चार नंबरच्या ड्रायरमध्ये
कुणाच्या तरी कोटाचं पितळी बटण अडकलं होतं.
दर फेरीला टण्ण, मग जरा उशिरानं पुन्हा टण्ण,
वेळेवर कधीच नाही.
आई म्हणाली, कुणीतरी काढा रे ते.
थॅडनं त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवला.

टोलीडो, डॉर स्ट्रीट, आमची लाँड्री.
तो चौदाचा, मी एकोणीसची,
आणि परक्यांच्या चादरींच्या घड्या घालून
माझे हात तेव्हाच आईच्या वयाचे.

ते बटण त्याच्या पहिल्या कॅसेटवर आहे.
त्याखाली चर्चमधल्या जुन्या ऑर्गनचा श्वास,
सूर नव्हे, सुराआधी भात्यात भरते ती हवा,
आणि मॉमी नदीवरून रात्री जाणारी मालगाडी,
तिचाही वेग त्यानं उतरवलेला,
जणू तिला घरी कुणी विचारणारं नाही.
पन्नास प्रती. साबण पावडरीची खोकी कापून, उलटी करून
प्रत्येक वेष्टणावर वेगळं चित्र.
माझ्याकडे सदतिसावं आहे.
नाकाशी धरलं की अजून लिंबू.

शब्द लेव्हर्न घालणार होता.
लेव्हर्न टिब्स, मागच्या गल्लीतला,
तो बोलायला लागला की बसचा ड्रायव्हर
सिग्नल हिरवा झालेला विसरायचा.
थॅडनं प्रत्येक तुकड्यात त्याच्यासाठी
मधोमध जागा सोडली,
पंगतीत कुणाचा तरी पाट राखून ठेवावा तशी.
लेव्हर्न म्हणाला, शनिवारी येतो.
मग पुढच्या शनिवारी.
मग त्याला ट्रकचं लायसन मिळालं
आणि त्याचे शनिवार नेब्रास्कात उगवायला लागले.

लोक विचारायचे, गाणं सुरू कधी होतं?
एका रेडिओवाल्यानं त्यावर हवामान वाचलं.
थॅडनं तेही रेकॉर्ड करून घेतलं.

पुढं ओसाकाच्या एका छोट्या कंपनीनं तबकडी काढली.
पुढं मोटारीची जाहिरात, अठ्ठावीस सेकंद,
त्या पैशांत तीन नवे ड्रायर आले.
चार नंबरला त्यानं हात लावू दिला नाही.
मधली दोन वर्षं त्यानं काहीच केलं नाही.
सुपरमार्केटच्या पाट्या रंगवल्या: टर्की, बटाटे, आज स्वस्त.
त्या वर्षांबद्दल मुलाखतीत कुणी विचारत नाही.
बटाटे मात्र फार सुंदर काढायचा.

मग तो ड्रायरच्या जाळ्या साफ करायला लागला, आपणहून.
जाळीवरचा तो मऊ धुरळा बरण्यांत भरायचा,
रंगांप्रमाणे: कामगारांचा निळा,
इस्पितळाचा फिका हिरवा, बाळांचा जवळजवळ काहीच नाही.
कॅनव्हासवर तो कडेकडेनं दाट चिकटवायचा,
मध्ये पांढरं, कोरं.
मी म्हटलं, हे राहिलंय का रे?
म्हणाला, हो. राहिलंय.

संग्रहालयात प्रदर्शन लागलं. एका विद्वानानं सांगितलं,
ही पोकळी म्हणजे शहर सोडून गेलेले कारखाने.
मला खोकला आला.
थॅड बुटांकडे बघत होता.

बंद व्हायच्या वेळेला लेव्हर्न आला.
दाढी पांढरी, पाठ सीटच्या आकाराची.
थॅडनं, वेडाच, माइक पुढं केला.
चोवीस वर्षांनी. सगळ्यांदेखत.
लेव्हर्ननं तो हातात घेतला, वजन बघितलं, परत दिला.
म्हणाला, अरे, मी रोज बोलतो की यावर.
रात्री दोन वाजता, केबिनमध्ये, झोप येऊ नये म्हणून.

काय बोलतोस?

पाट्या वाचतो. पुढचं पेट्रोल किती मैलांवर. पूल किती उंच.
कधी बायकोचं नाव.

थॅडनं विचारलं, रेकॉर्ड केलंस?
लेव्हर्न हसला. कशाला?

सोमवारी एक बाई टोपली घेऊन चार नंबरपाशी थांबली.
हा रिकामा आहे का?
थॅड फरशी पुसत होता. वर न बघता म्हणाला,
आवाज करतो. पण चालतो.