बोटभर साय

साय कुणी शोधली असं विचारलं,
तर बाळीवेशीतला बसलिंगप्पा गवळी म्हशीच्या पाठीवर थाप मारतो.
"हिनं. आमी नुसतं बघितलो."
तलवारीसारखी शिंगं खांद्यामागं गेलेली ती म्हैस
कडब्यातून मान वर काढत नाही.
शोध लावणारे असेच असतात बहुतेक.

त्याच्या घरात सायीला केने म्हणतात.
पाच्छा पेठेत टॉवेलाच्या मागावर बसलेली अंबूबाई येमूल
मीगडा म्हणते : जे वर असतं ते.
नबीलाल रबडीवाल्याची बालाई, म्हणजे पण वरचंच.
लोकांनी ब चा म केला, तो सांगतो,
जिभेवर साय असली की अक्षरं घसरतात.
मराठीत मात्र साय. का साय, कुणी सांगितलं नाही.
मला पुष्कळ दिवस वाटायचं, हा शब्द नव्हेच,
पातेलं उतरवताना आईच्या तोंडून निघणारा उसासा आहे.

दूध संघात मी वीस वर्षं फॅट मोजते.
नळीत ऍसिड, नळीत दूध,
यंत्र गरगरून थांबलं की गळ्याशी पिवळा पट्टा उभा.
सहा पॉइंट आठ. सात पॉइंट दोन.
पाणी घालणाऱ्याचा चेहरा मला नळीच्या आधी कळतो.
पण ही साय नव्हे.
सायीला रुंद तोंडाचं पातेलं लागतं, मंद आच,
आणि कुणी ढवळायचं नाही, कुणी हलवायचं नाही.

म्हणजे पहिली साय कुणाच्या तरी विसरण्यातून आली.
दूध तापत होतं, आणि दारात कुणी बातमी घेऊन आलं.
चांगली की वाईट, ते दुधाला काय माहीत.
ती परत आली तेव्हा वर सुरकुती धरलेली.
भीत भीत बोटानं उचलली असेल,
इकडंतिकडं बघून तोंडात घातली असेल.
पुढचं सगळं तिथून : विरजण, रवी, लोणी, बासुंदी,
गड्ड्यावर नबीलालच्या कढईला चिकटलेली खरवडसुद्धा.

आमच्याकडं बातमी आली ती अशी,
की त्या पहाटे भोंगा झाला नाही.
सबंध चाळ उठून बसली. कुणी घड्याळं कानाला लावली.
अप्पा डबा घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत गेले,
कुलूप बघून आले. पुन्हा गेले. पुन्हा बघून आले.
तिसऱ्यांदा आई त्यांच्यामागं गेली.
पाहुणे येणार म्हणून जास्तीचं घेतलेलं दूध
भुशाच्या शेगडीवर तसंच राहिलं.
पत्र्यावर एप्रिलचं ऊन. शेगडी आपोआप विझत गेली.
पाहुणे आले नाहीत.

संध्याकाळी झाकण उचललं.
बोटभर साय. पिवळसर, मध्ये खड्डा,
कडेनं पातेल्याला घट्ट धरून बसलेली.
धाकट्यानं हात पुढं केला.
"थांब बे," अप्पा म्हणाले. दिवसातलं त्यांचं पहिलं बोलणं.
मग उलथन्यानं त्यांनीच ती सोडवली,
अख्खी, न फाटता,
मागावरून कापड उतरवतात तशी,
आणि चार भाकऱ्यांवर चार वाटे. वर साखर.
कुणी काही बोललं नाही.
साखर तेवढी दाताखाली वाजत होती.

इतकी चांगली साय मी पुन्हा खाल्ली नाही,
आणि हे सांगायची लाज वाटते.

आईला एकदाच विचारलं, त्या दिवशीची साय आठवते का.
ती तांदूळ निवडत होती.
"कुठली साय?" म्हणाली.
"त्या दिवशी दूध नासलं होतं."