लेबलवर मावेल एवढं

बाटलीच्या पाठीवर चाळीस शब्द बसतात,
कंपनीच्या बाई म्हणाल्या.
चाळिसात गाव सांगा, गुरुजी. कधी वसलं, कुणी वसवलं.
मग फोनवर फ्रान्समधलं एक खेडं दाखवलं त्यांनी:
नदीच्या वळणावर साठेक उंबरे, द्राक्षाच्या ओळी,
चर्चच्या दारावर कोरलेलं साल.
नऊशे वर्षं, म्हणाल्या. तसं काही आहे का तुमच्याकडे?

आमच्याकडे पत्र्याची पाटी आहे.
नवे शेंदूरगव्हाण, पुनर्वसित, तालुका गंगापूर.
त्यातलं ‘नवे’ तेवढं गंजलंय.

जुनं गाव धरणात.
लोक ट्रकमधून उतरले ते या मुरमाड माळावर,
फक्कीनं आखलेल्या चौकोनांत.
शेजारी चिठ्ठ्या टाकून ठरले.
हारूणभाई शिकलगाराला देवळामागचा प्लॉट आला,
देऊळ अजून नव्हतं, फक्कीच होती नुसती.

द्राक्षं कुणी आणली?
सरपंच सांगतात, आमच्या वडिलांनी.
वडिलांचा फोटो आहे पंचायतीत, हारासकट.
पण एसटीच्या सीटखाली, ओल्या गोणपाटात
काड्या घेऊन आली ती कौतिका शेजूळ.
निफाडला छाटणीला जायची रोजानं.
छाटलेलं सगळं मालक बांधावर पेटवायचा.
तिनं एकवीस काड्या उचलल्या.
कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं.
सात शेळीनं खाल्ल्या.
दोन चोरीला गेल्या,
त्या आता सरपंचांच्या बागेत आहेत.

हारूणभाईनं मोडक्या विळ्याची कात्री करून दिली.
करकरते, पण चालते अजून.

माळाला माती कुठली? मुळं हातभर जाऊन थांबायची.
मग एका साली धरण आटलं.
आधी पिंपळाचं खोड वर आलं,
मग चावडीच्या पायऱ्या, चिखलानं गुळगुळीत.
आम्ही बघायला गेलो आणि ट्रॅक्टर घेऊन परत गेलो.
काळाभोर गाळ, लोण्यासारखा,
एकेका बागेला साठ-साठ खेपा.
गाळात जात्याचा खुंटा निघाला, हिरवी काच निघाली बांगडीची.
कौतिकाच्या बागेत कडी-कोयंडा.
तिनं तो पदरानं पुसला, उलटून पाहिला.
“आपला न्हाई. भागूबाईचा हाये.
आपल्या दाराला दोरी व्हती.”
आणि वेलाच्या बुडाशी परत पुरला.

पहिल्या बाटलीतला घोटभर तिला दिला.
तोंड वाकडं केलं तिनं.
“आमसुलावानी लागती. अन् गाळाचा वास येतोय.”
बाई खूश झाल्या, वहीत लिहून घेतलं.
मातीचा वास आला तर भाव जास्त मिळतो म्हणे.

मी चार पानं लिहून दिली होती.
छापून आलं: गोदाकाठचं प्राचीन गाव.
उरलेल्या सदतीस शब्दांत
किती थंड करावी, कशाबरोबर प्यावी.

कौतिकाला वाचून दाखवलं.
कात्रीला तेल घालत ऐकलं तिनं.
चांगलं लिव्हलंय, म्हणाली.
कंचं गाव हे?