पिवळं बटण

आज विषय : पाळीव प्राणी.
टेबलावर जुनी वर्तमानपत्रं,
त्यांवर कागदी ताटल्या, लोकर, पुठ्ठ्याची रिकामी नळकांडी,
मैद्याची खळ (रात्रीच शिजवलेली, जरा गुठळ्या झाल्यात),
आणि वांग्यात भरायच्या वाटणासाठी
मी रविवारी फोडलेल्या अक्रोडांची टरफलं.

अर्धं टरफल पालथं घातलं
की झालं कासव.
पाय हिरव्या कागदाचे, चार.
बार्बारेनं सहा लावले.
"हे पळणारं आहे," म्हणाली.
बरं.

नळकांड्याची वरची कड
दोन्ही बाजूंनी आत दाबा, बोटानंच, हळू,
कान आपोआप उभे राहतात.
हे मी दरवर्षी दाखवते
आणि दरवर्षी कुणीतरी "ओह" म्हणतं
जणू मांजर आत्ताच खोलीत आली.
मिशांना झाडूच्या काड्या.
सांद्रोनं मिशा मांजरीला लावल्या, कासवाला लावल्या,
उरलेल्या दोन स्वतःच्या गालाला.

मासा सगळ्यांत सोपा.
ताटलीतून एक त्रिकोण कापायचा,
तिथं तोंड.
तोच त्रिकोण मागं चिकटवायचा,
ते शेपूट.
काही वाया जात नाही.
(हे मी मुलांना सांगते. स्वतःला
कधीच पटवता आलेलं नाही.)

तेक्लेचा कुत्रा झाला होता.
ताटली दुमडून कान, तपकिरी लोकर,
नाक मात्र कोळशासारखं काळंकुट्ट, सगळा खडू झिजवून.
"नातेलाबाई, पिवळं हवंय."
पिवळा कागद मागच्या आठवड्यात
सूर्य करण्यात संपला. एकवीस सूर्य.
तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
मग माझ्या स्वेटरकडं,
आणि नजर हलवेना.

मी वरून तिसरं बटण तोडलं.

ते तिनं डाव्या कानावर दाबून धरलं,
खळ सुकेपर्यंत, ओठ मिटून,
आणि पेननं त्यावर आकडा काढला : ३.
तिला तेवढाच येतो.

"हा लोबिओ. भट्टीपाशी झोपतो तो."

ओळखला. ओळखणारच.
त्बिलिसीत अशा पिवळ्या टिकल्या कानात घालून
किती जण फिरतात,
लस टोचलेले, नोंद झालेले, कुणाचेच नसलेले.
लोबिओ पावाच्या भट्टीच्या भिंतीला टेकून झोपतो,
भिंत आतून तापलेली असते म्हणून.

सांद्रो म्हणाला, मिशांसकट, "हा पाळीव नाही.
पाळीव घरात झोपतो.
ह्याला कुणी पाळलंय सांग?"

तेक्लेनं विचार केला. खराखुरा,
डोकं एका बाजूला कलवून.
"त्यालाच नाही पाळलं कुणी.
त्यानं पाळलंय. आमची आख्खी गल्ली.
सकाळी आम्ही शाळेला निघतो ना,
तो कोपऱ्यापर्यंत येतो, मोजतो,
आणि मग परत झोपायला जातो."

माझ्या हातात नावांच्या चिठ्ठ्या होत्या :
प्राण्याचं नाव, मालकाचं नाव.
तिची मी कोरीच चिकटवली.

पाच वाजता आया-बाप आले.
कासवं खिशात गेली, मासे बसच्या खिडकीत.
तेक्ले पायऱ्या उतरून थेट भट्टीपाशी,
आणि ताटली त्याच्या नाकासमोर धरली.
बघ. तू.

लोबिओनं हुंगलं.
मग शांतपणे, मैद्याच्या चवीनं,
स्वतःचा उजवा कान चाटून-चाटून खाल्ला.
मला वाटलं, आता रडणार.
"आवडला त्याला," ती आईला म्हणाली
आणि उरलेला कुत्रा
काखेत घालून घरी नेला, बटणाच्या बाजूनं.

मी चढ चढून निघाले तेव्हा अंधारलं होतं.
स्वेटरमधून नेमकं तिथंच वारं शिरत होतं.
मागं नखांचा आवाज, फरशीवर, टिक टिक.
वळून पाहिलं नाही.
कोपऱ्यापाशी तो थांबला.

दोरा अजून लोंबतोय.
उद्या दुसरं बटण शोधीन म्हणते.
पिवळं मिळालं तर बघू.