गार पाणी

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
जुलैमध्ये नळ उलटे वागतात.
गार पाण्याचा सोडला तर हात पोळतो,
गरमचा त्यातल्या त्यात बरा,
कारण गीझर मे महिन्यापासून बंद
आणि तेवढंच पाणी सावलीत असतं.

एक मोरी. माणसं पाच.
आम्ही तिघं, आणि पलीकडच्या खोलीतले
शमसुलभाई नि त्यांचा मेव्हणा.

रोज पहाटे चारला
निळी बादली भरलेली,
रात्रभर निवलेली, वर ताटली झाकलेली.
मला वाटायचं, हेमांगी भरते.
तिला वाटायचं, मी.
एवढ्या एका गैरसमजावर
अख्खा जून आम्ही न भांडता काढला.

परवा ओजूला तहान लागली म्हणून उठलो,
तर मोरीत शमसुलभाई,
मॉलच्या युनिफॉर्मातच उकिडवे,
आवाज नको म्हणून
बादलीच्या कडेनं बारीक धार सोडत होते.
चोरी पकडल्यासारखे ओशाळले.
"बच्ची का चमडा नरम है," म्हणाले.
त्यांचं स्वतःचं काय, ते मी विचारलं नाही.
दोन वाजता त्यांच्या अंघोळीचा आवाज येतो,
मधेमधे हाय अल्ला.

हेमांगीला सांगितलं.
ती काही बोलली नाही, उठली,
भिजवलेले कपडे पिळून टाकले,
लाल बादली घासली, भरली.
ताटली नव्हती, कणकेची परात झाकली.

आता मोरीत पाय ठेवायला जागा नाही.
काल मुद्दाम लवकर गेलो, साडेनऊलाच.
दोन्ही भरलेल्या होत्या.
पलीकडे मेव्हणा घोरत होता,
जरा जास्तच मोठ्यानं.