मिठावरची सुसर

जानेवारीत, सकाळी साडेनऊला,
वडसरच्या पुलाखाली ती चिखलावर चढली
आणि मी तिला उचललं
सेकंदाच्या हजाराव्या भागात.
तिला पत्ताही नाही.

घरात आम्ही म्हणतो सुसर, म्हणजे ती.
उंबऱ्याबाहेर पडलं की मगर, आणि बडोद्यात मगर तो असतो.
तीन पिढ्या झाल्या इथं येऊन,
हे अजून मिटलेलं नाही.

पुढचे पाच दिवस कागदात गेले.
आरारुटाची पातळ पेज,
तीत खडेमीठ वाटून, चमचाभर.
ब्रश एकदा आडवा, एकदा उभा.
मग न्हाणीघरात पिवळा दिवा लावून
चांदीचं पाणी. ते बोटाला लागलेलं
दुसऱ्या दिवशी कळतं.
नानिवडेकरांकडच्या मुंजीत माझा हात बघून
कुणीतरी हळूच विचारलं,
डांबराचं कंत्राट घेतलंत का?
मी हो म्हटलं.

दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर
ऊन अकराला पोचतं,
समोरच्या टॉवरला वळसा घालून.
वर काच, काचेखाली उलटी सुसर
(काळं आभाळ, गाळ कुठं काळा कुठं पांढरा),
तिच्या पोटाशी कागद. चिमटे लावले.
आता कुणी काही करायचं नाही.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून
बाविसाव्या मिनिटाला सुचलं,
तीही तिथं हेच करत होती की.
जबडा उघडा टाकून
ऊन आत येऊ देणं.
मीच तेवढा घाईत होतो.

चौकटीची अर्धी पाठ उचलून डोकावलं.
जांभळट, कांद्याच्या सालीसारखी.
अजून.
हवी त्याहून काळी होऊ द्यायची,
हायपोत ती उतरतेच.

मिठाच्या पाण्यात टाकली तर पाणी दुधाळ.
नळाखाली विटकरी झाली, मग तपकिरी,
आणि दोरीवर अर्धवट वाळेपर्यंत
सुसर गेली.
नुसता चिखल उरला.
कुठं ती संपते, कुठं नदी, काही कळेना.
पाच प्रती काढल्या. पाचही तशाच.
मी मिठाला दोष दिला, उन्हाला दिला,
कागद विकणाऱ्याला फोन करून दिला.

शुक्रवारी जीवीबेन आली, दातण घेऊन.
तिचा बाभळीचा काठ तोच, पुलाखालचा.
गॅलरीतल्या दोरीपाशी थबकली,
चष्मा नाही, काही नाही,
म्हणाली, आ तो मा छे.

मी म्हटलं, कुठं?

ओल्या कागदावर नख टेकवत गेली.
पाठीवर एक.
शेपटीपाशी बे.
आणि हे, मी ज्याला वाळकी काटकी समजलो होतो, त्रण.
गेल्या पावसाळ्यातली पिल्लं, वीतभर लांब,
आई हलत नाही म्हणून न हलणारी.

रात्री संगणकावर तीच जागा मोठी केली.
चौकोन. आणखी मोठी केली.
आणखी चौकोन.

त्या प्रतीवर नखाच्या तीन कोरी राहिल्यात,
दिव्यासमोर तिरपी धरली की दिसतात.
चार प्रती फाडल्या. ही ठेवली.

दातणाचे पैसे मात्र
द्यायचे राहून गेले.