खिडकी क्रमांक तीन

आनदोंगच्या कचेरीत
तीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनवर बसलो.
जन्म डाव्या हाताला, मृत्यू उजव्या,
लग्नं समोर.

त्या दोघांचं आडनाव क्वोन. माझंही क्वोन.
या गावात दगड भिरकावला तर क्वोनलाच लागतो,
आणि भिरकावणाराही बहुधा क्वोनच.
हजार वर्षांपूर्वीचा एक मूळपुरुष,
त्याच्या फांद्या जाडजूड वंशावळीत बांधलेल्या,
आणि कायदा सांगे, एका मुळाच्या दोन फांद्यांची
गाठ मारायची नाही.

ब्योंग-गू एकतिसाव्या पिढीचा,
मल-सुन अठ्ठाविसाव्या.
म्हणजे वंशावळीच्या हिशेबाने ती त्याची पणजी.
वय बावीस. खारवलेले बांगडे विकायची,
नखांत मीठ.
तो तिला नुसतं "अगं" म्हणाला तेव्हा
बाकावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले.

अठ्ठ्याहत्तर साल.
अशा जोडप्यांना सरकारने सवलत दिली होती,
एका वर्षापुरती.
परिपत्रक माझ्या खणात होतं,
त्यावर वडिलांच्या औषधाची बाटली.
वडील कुळाच्या सभेचे चिटणीस.
"आपल्या गावातून एकही अर्ज जाणार नाही,"
जेवताना एवढंच म्हणाले
आणि माशाचा मधला तुकडा
माझ्या भातावर ठेवला.

डिसेंबरची एकोणतीस तारीख.
त्याच्या टोपीवर बर्फ, तिला सातवा महिना.
कागद पाहिले. सगळे होते.
मी म्हणालो, "एक दाखला कमी आहे.
नवीन वर्षात या."
खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात.
"बरं," ती म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला मला,
वंशावळीत माझी कोण लागत होती देव जाणे.

नवीन वर्षात सवलत नव्हती.
मार्चमध्ये मुलगा झाला.
त्याच्या नावापुढच्या रकान्यात
जो शब्द लिहायचा असतो तो मीच लिहिला,
टाक नीट पुसून.
माझं अक्षर चांगलं होतं, सगळे म्हणत.

मग ऑलिंपिकचं साल आलं. पुन्हा एक वर्षाची सवलत.
या वेळी परिपत्रक मी काचेवर चिकटवलं.
वडील तोवर गेले होते,
तेव्हा त्याला धाडस म्हणू नका.

जानेवारीच्या चौथ्या दिवशी
कचेरी उघडण्याआधीच तिघं दारात.
तिने अर्ज सरकवला.
वर टाचणीने लावलेला दाखला, कडा पिवळ्या पडलेल्या,
नऊ वर्षांपूर्वीचा,
जो मी मागितला होता
आणि जो कायद्याने कधीच कोणाला लागत नव्हता.
"या वेळी काही कमी नको पडायला."
तिच्या आवाजात टोमणा होता की नव्हता
हे मी अजून ठरवतो आहे.

शिक्का मारला.
शाई सुकेपर्यंत मुलगा
काचेला नाक लावून उभा होता.
काचेवर वाफेचा एक गोल. पुसावासा वाटेना.

आता तो कायदाच उरला नाही.
माझी नात देगूला एका मुलाबरोबर राहते.
त्याचं कूळ विचारलं तर हसते.
"नोंदणी कशाला, आजोबा? कोणी अडवलंय का आम्हाला?"
मी तीस वर्षांची उत्तरं शोधतो.
खण रिकामा.

आमच्याकडचा बांगडा समुद्रापासून
दोन दिवस चालत यायचा, म्हणे,
आणि नासायच्या जरासा आधी त्याला मीठ लागायचं.
त्या उशिराचीच चव.
बाजारात तिचं दुकान आहे, तो मागे मासे चिरतो.
दर शनिवारी मी एक जोडी घेतो,
मोठ्या बांगड्याच्या पोटात लहान बांगडा,
विकायचे ते असेच, दोन मिळून एक.

पिढीने ती मोठी असावी, असं धरून मी वाकतो.
ती मासे कागदात गुंडाळते,
पैसे दोनदा मोजून घेते.
सवलत देत नाही.